पन्नास पैशांचा नियम
दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरासारख्या सरकारी वसाहतींत दरमहा पोहोचणारा महागाई भत्ता, म्हणजे मूळ वेतनावर टक्क्यांनी मिळणारी भरपाई, मोजताना 50 पैसे किंवा त्याहून अधिक रक्कम पुढच्या रुपयात धरतात. हा हिशेब एआय एजंटकडे, म्हणजे स्वतः साधने निवडून काम तडीस नेणाऱ्या प्रणालीकडे, सोपवल्यास कॅल्क्युलेटर केव्हा आणि कसा वापरायचा हे ती मुख्यतः त्याच्या लेखी वर्णनावरूनच ठरवते. म्हणून ‘आकडेमोड करतो’ एवढीच नोंद अपुरी, किंबहुना घातक ठरते. टक्केवारी कोणत्या रूपात द्यावी, शून्याने भागल्यास कोणता संदेश येईल आणि मुख्य म्हणजे पूर्णांकन कसे होते, हे उदाहरणासह लिहिलेच पाहिजे, कारण पायथॉन या संगणकभाषेतील नेहमीचे पूर्णांकन निम्म्यावर आलेली संख्या जवळच्या समसंख्येकडे नेते आणि 2500.50 रुपयांचे 2501 न होता 2500 होतात.