सत्तर तासांचा उतारा

ऑक्टोबर २०२३मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. भारताची उत्पादकता फार कमी आहे आणि महायुद्धानंतर जर्मनी-जपानने हेच केलं, असं त्यांचं म्हणणं. रोग त्यांनी बरोबर ओळखला, पण औषध भलतंच दिलं. उत्पादकता मोजतात ती एका तासात किती निपजलं यावर. नुसते तास वाढवून माल वाढेल, तासाचं माप तेवढंच राहील. माणूस थकला की घटेलही. जर्मनांनी त्या काळी खूप राबून घेतलं, हे कबूल. पण १९५६मध्येच तिथल्या कामगार संघटनांनी शनिवारच्या सुट्टीची मोहीम उघडली, ती सुट्टी पदरात पडत गेली आणि उत्पादकता वाढतच राहिली.

मग नवी यंत्रं आणा, असं दुसरा पक्ष म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच; कारभार कसा चालतो यावरही बरंच ठरतं. तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८पासून एक प्रयोग केला. तिथे सुताच्या गोदामात पोती कशीही पडलेली, कुठलं सूत किती शिल्लक आहे याची धड नोंद नाही. माग बिघडेपर्यंत त्याकडे कुणी बघायचं नाही. कापडातले दोष शोधून दुरुस्त करण्यातच बरीच माणसं गुंतलेली. प्रयोगातल्या सल्लागारांनी गोदाम लावून घेतलं, मागांची देखभाल ठरावीक वेळी सुरू केली, दोष कुठल्या मागावर येतो ते रोज लिहून त्यावर बैठक घ्यायला लावली. वर्षभरात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. कामगाराच्या आळसाचं म्हणाल, तर मुख्य भर त्यावर नव्हताच!

देशाचा हिशेब याहून अवघड. शेतीत राबणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९मध्ये ४२.५ टक्के होतं, ते २०२३-२४मध्ये ४६.१ टक्के झालं. राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र पाचव्या हिश्श्याच्या आसपास. शेतावरचा माणूस बऱ्या कारखान्यात गेला, तर जास्त घाम न गाळताही त्याच्या तासाची किंमत वाढते. तो जात नाही, कारण त्याला घेईल असा कारखाना वाढत नाही.

का वाढत नाही, याचं एक उत्तर त्याच प्रयोगात सापडलं. परक्या व्यवस्थापकाच्या हाती कारभार दिला तर तो लुबाडेल, ही मालकांची धास्ती. आणि कोर्टात दाद लागायला वर्षं जातात, तेव्हा ती अगदीच खोटी नव्हे. त्यामुळे धंदा किती पसरणार हे घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होतं. दोन मुलगे असलेल्या मालकाला तिसरा कारखाना काढायचा म्हटलं, की बघणार कोण, इथेच घोडं अडतं.