आभार नको, तारीख सांगा

शीळफाट्यावर रोज संध्याकाळी हजारो माणसे रस्त्यातच अडकतात. जेएनपीए बंदरातून मुंब्रा बाह्यवळणाकडे निघालेले कंटेनर, महापे-रबाळ्याच्या कंपन्यांतून सुटलेल्या बसगाड्या, तळोज्याकडून येणारे टेम्पो आणि कल्याण-डोंबिवलीला घरी परतणाऱ्या दुचाकी या साऱ्यांची गाठ या एका फाट्यावर पडते. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस घरी पोचतो तेव्हा पोरे जेवून झोपलेली असतात. या खोळंब्यात त्याच्या डोळ्यांसमोर असतात ते फलक. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणामुळे मंजूर झालेला निधी, आणि त्यांच्या जोडीला मुंबईपासून अमुक मिनिटांवरचे स्वप्नातले घर. दिवसभर दमलेल्या माणसाकडून त्याची जागा, त्याची नजर आणि त्याचा धीर अशा तीन गोष्टी एकाच वेळी काढून घेतल्या जातात. त्यासाठी त्याला कोणी विचारलेले नसते.

दुभाजकातल्या एखाद्या विजेच्या खांबाकडे नीट पाहावे. तारेने आवळलेली लाकडी चौकट, तिच्यावर खिळ्यांनी ताणलेला फ्लेक्स. वर नेत्यांची रांग, मध्ये हात जोडलेला ‘कार्यसम्राट’, खाली टपाल तिकिटाएवढे दहा-बारा शुभेच्छुक. वाढदिवस उलटून पंधरवडा झालेला असतो. फ्लेक्सची एक बाजू सुटून वाऱ्यावर फडफडत असते आणि तिच्या तारेचे टोक रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर आलेले असते. मागे दिशादर्शक पाटी असते. पण महापेचा रस्ता कुठला आणि पनवेलचा कुठला, हे नव्या चालकाला दिसत नाही. तो ऐन वळणावर गाडी हळू करतो आणि मागची रांग आणखी वाढते. पहिल्या पावसात तोच फ्लेक्स फाटून गटाराच्या तोंडाशी जाऊन बसतो.

हा केवळ विद्रूपीकरणाचा प्रश्न नाही, जिवाचा प्रश्न आहे. पुण्यात जुना बाजार चौकात ऑक्टोबर 2018 मध्ये फलकाचा सांगाडा कोसळून 4 जण गेले. एप्रिल 2023 मध्ये किवळे येथे पावसापासून आडोसा घेतलेले 5 जण फलकाखाली चिरडले गेले. 13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर फलक पडला आणि 17 जणांचा बळी गेला. मुंबई महापालिकेची मर्यादा 40 फूट बाय 40 फुटांची असताना तो फलक सुमारे 120 फूट बाय 120 फुटांचा होता. त्यानंतर तीन महिने उलटण्याच्या आत कल्याणच्या सहजानंद चौकात फलक कोसळून माणसे जखमी झाली, गाड्या चेपल्या. छोट्या फलकाने जीव जात नाही, असेही कोणी समजू नये. सप्टेंबर 2019 मध्ये चेन्नईत एका स्थानिक नेत्याच्या घरच्या लग्नाचा फलक दुचाकीवरच्या 23 वर्षांच्या अभियंता तरुणीवर पडला. ती खाली कोसळली आणि मागून टँकर आला.

कायदा नाही म्हणून हे चालते असेही नाही. मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा 1995 पासून आहे. महापालिका आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावता येत नाही, हे महापालिका अधिनियमातच लिहिलेले आहे. आकाशचिन्हे आणि जाहिरातींसाठीचे सविस्तर नियम 2022 मध्ये आले. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर 31 जानेवारी 2017 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलक हटवण्याचे सविस्तर आदेश दिले. कार्यकर्त्यांना आवरण्याची हमी राजकीय पक्षांनी न्यायालयात दिली. पुढे डिसेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाला त्याच पक्षांना अवमान कारवाई का करू नये, अशी नोटीस काढावी लागली. न्यायालयाला दिलेला शब्द जे पाळत नाहीत, ते मतदाराला दिलेला कसा पाळतील, हा प्रश्न प्रत्येक पक्षाच्या जिल्हाध्यक्षाने स्वतःला विचारावा.

1995 च्या कायद्यातली शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. आज चौकात एक मोठी कमान उभारायला याहून किती तरी अधिक खर्च येतो. दंड भरणे परवडत असेल तर तो दंड राहत नाही, ते भाडे होते. आणि तेही वसूल होत नाही, कारण गुन्हा अनेकदा अज्ञात व्यक्तीवर नोंदवला जातो. ज्या फलकावर नाव आहे, पद आहे आणि हसरे छायाचित्र आहे, त्याचा कर्ता अज्ञात कसा? ज्याच्या नावाने आणि ज्याच्या लाभासाठी फलक लागला तोच जबाबदार, एवढी साधी तरतूद विधिमंडळाने या कायद्यात स्पष्ट शब्दांत करावी आणि दंडही आजच्या खर्चाला साजेसा ठेवावा.

शीळफाट्यावर अडचण दुहेरी आहे, कारण इथे हद्दींचाच फाटा आहे. शीळ-डायघर ठाणे महापालिकेत, काटईपासून पुढे कल्याण-डोंबिवली, तर पलीकडची 14 गावे नवी मुंबई महापालिकेत टाकली गेली. शीळ रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम रस्ते विकास महामंडळाकडे, मेट्रो एमएमआरडीएकडे. फलकाची तक्रार घेऊन गेलेल्या नागरिकाला ‘ते आमच्याकडे नाही’ हे उत्तर ठरलेले. श्रेयाच्या फलकाला मात्र कोणतीच हद्द आडवी येत नाही.

श्रेय कशाचे घेतले जाते तेही पाहू. कल्याणचा पत्रीपूल नोव्हेंबर 2018 मध्ये पाडला. नवा पूल खुला व्हायला जानेवारी 2021 उजाडले. कल्याण-तळोजा मेट्रोचे भूमिपूजन मार्च 2024 मध्ये झाले. पलावाजवळचा निळजे-काटई पूल अनेक वर्षे रखडून 4 जुलै 2025 रोजी खुला झाला आणि दुचाक्या घसरू लागल्याने काही तासांत बंद करावा लागला. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदा, ज्यातले 7 किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात, तो याच शीळफाट्याला बाहेर येतो. खाडीच्या तळाखालून वाट काढण्याएवढे कौशल्य आणि पैसा या राज्याकडे आहे. त्याच फाट्यावर वरचा रस्ता मोकळा करणे त्याला अशक्य नाही. ते काम जिद्दीने कोणी अंगावर घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

राजकीय फलकाशेजारी घरांची जाहिरात असते. तिच्यावर तळी, बागा, क्लब हाऊस असते. पाणी किती तास येईल आणि स्टेशन गाठायला सकाळी किती वेळ लागेल, हे नसते. याच शीळ-डायघरला 4 एप्रिल 2013 रोजी बेकायदा इमारत कोसळून 74 माणसे मेली. त्या धड्यानंतर रेरा कायदा आला. जाहिरातीत नोंदणी क्रमांक बंधनकारक झाला, ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. तरीही कल्याण-डोंबिवलीत महापालिकेची खोटी बांधकाम परवानगी दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. यातल्या किती तरी जणांनी नोंदणी क्रमांक पाहूनच घर घेतले होते. सरकारी शिक्का पाहून विश्वास ठेवणाऱ्याला फसवणारी व्यवस्था ही शिक्का नसलेल्या जाहिरातीपेक्षा अधिक घातक आहे. खोट्या जाहिरातीमुळे नुकसान झालेल्याला भरपाई देण्याची तरतूद रेरा कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे. ती प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत माणसाचे हप्ते आणि भाडे दोन्ही सुरूच राहतात.

फलक काढले तर महापालिकांचे उत्पन्न बुडेल, छोट्या कार्यकर्त्याने लोकांपर्यंत पोचायचे कसे, असे म्हटले जाते. बेकायदा फलकाचा एक रुपयाही महापालिकेच्या तिजोरीत जात नाही, तेव्हा पहिला मुद्दा तिथेच संपतो. दुसऱ्याला उत्तर साधे आहे. ज्या कार्यकर्त्याने वाडीत टँकर आणला, रात्री रुग्णाला दवाखान्यात नेले, त्याचे नाव लोक फलकाशिवाय सांगतात. ब्राझीलच्या साओ पाउलो या मुंबईएवढ्या अवाढव्य शहराने 2006 मध्ये कायदा करून 2007 पासून रस्त्यावरचे जाहिरात फलक हटवले. तिथला व्यापार बुडाला नाही आणि निवडणुकाही थांबल्या नाहीत.

कल्याण-डोंबिवलीला नोव्हेंबर 2020 पासून आणि ठाण्याला मार्च 2022 पासून लोकप्रतिनिधी नव्हते. प्रशासकांनी कारभार पाहिला. 15 जानेवारी 2026 रोजी अखेर मतदान झाले आणि लोकांनी नवे नगरसेवक निवडले. इतक्या वर्षांनी मिळालेल्या या मताची परतफेड आभाराच्या फलकांनी करू नये. प्रत्येक रस्त्याच्या, पुलाच्या, जलवाहिनीच्या कामाजवळ एक माहितीफलक असायला हवा. काम कोणते, खर्च किती, ठेकेदार कोण, काम कधी सुरू झाले, कधी संपणार, किती वर्षे दुरुस्तीची जबाबदारी त्याची आणि तक्रारीसाठी दूरध्वनी कोणता, हे सारे त्यावर असावे. आज ही पाटी असलीच तर हातभर लांबीची, धुळीने माखलेली असते; तिच्या डोक्यावर वीस फुटांचा आभार असतो. हे माप उलटे करायला हवे. नव्या सभागृहांनी तसा ठराव करावा आणि शीळफाट्यासाठी तिन्ही महापालिका, महामंडळ, एमएमआरडीए व वाहतूक पोलीस यांचा एकच जबाबदार अधिकारी नेमून घ्यावा.

वाचकांकडेही एक मागणे आहे. शुभेच्छुकांच्या रांगेत आपला फोटो छापून येतो तेव्हा आपणही या अतिक्रमणात सहभागी असतो. सोसायटीच्या गणपतीची, मुलाच्या वाढदिवसाची कमान खांबाला बांधू नका. नेता दारात आला की हार घालण्याआधी त्याला एकच विचारा: कल्याण-शीळ रस्त्याचे काम कोणत्या तारखेला पूर्ण होणार? ज्याला ती तारीख सांगता येत नाही, त्याला त्या रस्त्यावर स्वतःचे नाव लावण्याचा अधिकार नाही.