बारावा गडी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका साध्या प्रश्नावरून जो वाद माजला, तो अद्यापि पुरता शमलेला नाहीं. धाकट्या बंधूंचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. त्याच्या कॉलेजच्या क्रिकेट-संघाची यादी लागली, तींत सोळा नांवें होतीं आणि आमच्या चिरंजिवांचें नांव पंधरावें होतें. घरांत पेढे आले. पुढें संघाचे चार सामने झाले. चारहि सामन्यांत चिरंजिवांनीं पाण्याच्या बाटल्या नेल्या, हातमोजे नेले, एकदां मोडलेल्या बॅटीच्या जागीं दुसरी नेऊन दिली. परंतु खेळावयासाठीं म्हणून त्यांचें पाऊल मैदानांत पडलें नाहीं. चौथ्या सामन्याच्या रात्रीं जेवतांना आमच्या आईनें सहज विचारलें, "खेळवीत नाहींत, तर नेतात कशाला रे याला?"

आईच्या मनांत कांहीं वांकडें नव्हतें. ज्याला पंक्तीला बोलावलें त्याला वाढलें पाहिजे, एवढाच तिचा हिशेब. पण मुलाचा घांस हातांतच राहिला, आणि त्याच्या वडिलांना फार दिवस वाट पाहिलेली संधि सांपडली. पहांटे पांचला उठणें, बुटांचा खर्च, गुणपत्रिकेंतील घसरलेले आंकडे, या सर्वांची उजळणी झाली. "अकरांत नाहीं तो संघांत नाहीं," असा त्यांनीं शेवटीं निकाल दिला.

या विषयांत बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. मीहि एके काळीं माझ्या कॉलेजच्या संघाचा बारावा गडी होतों. संबंध हंगामांत मला बावीस मिनिटें क्षेत्ररक्षण करावयास मिळालें, आणि त्या बावीस मिनिटांत मीं एक सोपा झेल सोडला. ज्याचा झेल सुटला त्यानें पुढें शतक केलें, हें सांगावयास नकोच. तसें घडल्यावांचून अशा गोष्टी पुऱ्या होत नाहींत. क्रिकेटच्या कायद्यानें बदली गड्याला क्षेत्ररक्षणाची मुभा आहे. २०१७ पासून पंचांच्या संमतीनें यष्टिरक्षणहि करतां येतें. पण फलंदाजी नाहीं, गोलंदाजी नाहीं. डोक्याला मार लागलेल्या गड्याच्या जागीं पुरा खेळूं शकणारा गडी घेण्याची सोय २०१९ पासून झाली, हा त्याला एक अपवाद. दुसऱ्याच्या दुखापतीवांचून ज्याला दार उघडत नाहीं, त्याच्या मनाची स्थिति कशी असते हें मी जाणतों. आपल्याच मित्राचा पाय मुरगळावा असा विचार मनांत येतो आणि मग दिवसभर त्याची लाज वाटते.

तरीहि बंधूंचा निकाल मला पटला नाहीं. त्याला उत्तर शोधावयास नागपुराबाहेर जाण्याचीहि गरज पडली नाहीं.

विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामापासून रणजी करंडकासाठीं खेळूं लागला. त्यानंतर साठ वर्षें तो एकदांहि अंतिम सामन्यापर्यंत पोंचला नव्हता. या साठ वर्षांत विदर्भांत चांगले गडी निपजले नाहींत असें मुळींच नाहीं. चांगल्या गड्याच्या पाठीशीं दुसरा चांगला गडी उभा नसे, हें माझ्या मतें खरें दुखणें होतें. एक खांब कलला कीं मांडव खालीं.

२०१७-१८ सालीं हें चित्र पालटलें. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फजल, आणि बाहेरून आलेले वासिम जाफर व गणेश सतीश, यांचीं नांवें त्या यशासंबंधांत नेहमीं घेतलीं जातात, व तीं घेतलींच पाहिजेत. पण मला त्या हंगामांतील दोन निराळे तरुण आठवतात.

पहिला रजनीश गुरबानी. स्थापत्य-अभियांत्रिकीचा पदवीधर, आदल्याच हंगामांत रणजीमध्यें पहिलें पाऊल टाकलेला. त्या वर्षीं विदर्भानें नऊ सामने खेळले, त्यांपैकीं गुरबानी सहांतच होता. म्हणजे तीन वेळां त्यानें अकरांच्या बाहेरच काढलीं. कलकत्त्याच्या उपान्त्य सामन्यांत कर्नाटकाला विजयासाठीं १९८ धांवा हव्या होत्या. ते १९२ वर बाद झाले, आणि विदर्भ ५ धांवांनीं जिंकला. त्या डावांत गुरबानीनें ६८ धांवांत ७ गडी टिपले. संबंध सामन्यांत १२. पुढें इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यांत त्यानें लागोपाठच्या तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडविले. त्यांत १४५ धांवांवर खेळणारा ध्रुव शौरीहि होता. रणजीच्या अंतिम सामन्यांत असा पराक्रम त्यापूर्वीं फक्त तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनीं १९७२-७३ सालीं केला होता. सहा सामन्यांत ३९ गडी बाद करणाऱ्या या मुलाला तीन सामने बाहेर बसावें लागलें, हें मीं जेवणाच्या पानावर सांगितलें तेव्हां पंधराव्या क्रमांकाच्या चिरंजिवांनीं प्रथमच मान वर केली.

दुसरा आदित्य ठाकरे. त्याची गोष्ट सांगण्यापूर्वीं उमेश यादवची सांगावी लागते. वलनीच्या कोळसा-खाणींतील कामगाराचा हा मुलगा. पोलिसांत भरती होण्याचा त्याचा प्रयत्न फसला. विशीच्या सुमारापर्यंत कातडी चेंडूशीं त्याचा संबंध नव्हता. २००८ सालीं तो विदर्भाकडून खेळला, आणि २०११ सालीं भारताकडून कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला गडी ठरला. आमंत्रणावांचून मांडवांत शिरून पुढें यजमान होऊन बसलेला, असा हा गडी. इंदूरच्या अंतिम सामन्याच्या वेळीं तो भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. जुना विदर्भ असता तर तेथेंच हातपाय गळाले असते. त्याच्या जागीं विशीच्या आंतल्या ठाकरेला उभें केलें. प्रथम दर्जाचा त्याचा पहिलाच सामना, तोहि रणजीचा अंतिम! दिल्लीचा पहिला डाव २९५ वर आटोपला. विदर्भानें ५४७ केल्या, त्यांत यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३, या दर्जाच्या सामन्यांतील त्याचें पहिलें शतक. आणि खालच्या क्रमांकावर आलेल्या सिद्धेश नेरळच्या ७४. १ जानेवारी २०१८ रोजीं करंडक नागपूरचा झाला. पुढल्याच वर्षीं जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धांवांनीं हरवून तो पुन्हां राखला.

अमेरिकेंत असलेल्या माझ्या भाच्याला हा वाद फोनवर सांगितला, तर तो हंसूं लागला. तिकडे कॉलेजांत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातांत धरून धांवण्याचा तो खेळ आहे. मैदानांत अकराच गडी असतात, पण चढाईचे अकरा निराळे, बचावाचे निराळे, आणि लाथ मारण्याच्या वेळचे पुन्हां निराळे. गडी वाटेल तेवढे बदलावेत. म्हणून एकेका कॉलेजच्या संघांत शंभरावर मुलें! त्यांतील जास्तींत जास्त ८५ जणांना शिष्यवृत्ति मिळे; बाकीचीं मुलें बिनबोलावतां, स्वतःची फी भरून, येत. सरावाच्या वेळीं येत्या प्रतिपक्षाचें सोंग घेऊन पहिल्या फळीच्या धडका अंगावर घेणें, हें मुख्यतः त्यांचें काम. बेकर मेफील्ड हा असाच २०१३ सालीं टेक्सास टेक विद्यापीठांत आणि पुढें ओक्लाहोमांत बिनबोलावतां शिरला, आणि डिसेंबर २०१७ मध्यें त्या खेळांतील वर्षाच्या सर्वोत्तम विद्यार्थी-खेळाडूचें हाइझमन पारितोषिक त्यानें पटकावलें. गुरबानीच्या पराक्रमाचाच तो महिना.

परंतु २०२५ सालीं तेथील न्यायालयांत झालेल्या तडजोडीनें संघाची मर्यादा १०५ वर आणली. त्या १०५ जणांना सर्वांना शिष्यवृत्ति देण्याची मोकळीक मिळाली, पण त्यापलीकडच्यांना जागा उरली नाहीं. किती तरी मुलांना तडजोड मंजूर होण्यापूर्वींच निरोप मिळाले होते. असे काढून टाकलेले गडी परत घ्यावयाचे झाल्यास ते या आंकड्यांत धरूं नयेत, एवढी सवलत मिळेपर्यंत न्यायाधीशबाईंनीं मंजुरी अडवून धरली. पैसा मिळाला, पण दार अरुंद झालें. हा सौदा मला बरा वाटत नाहीं.

"दादा, तुम्ही गुरबानीचें नांव सांगतां, त्या मेफील्डचें सांगतां," बंधु म्हणाले. "जे पंधराव्या नंबरावर आले आणि पंधराव्याच नंबरावर राहिले, त्यांचीं नांवें सांगा पाहूं."

मला एकच सांगतां आलें असतें, आणि तें त्यांना ठाऊकच होतें. शिवाय गुरबानीनें अभियांत्रिकीची पदवी घेतली हा माझाच मुद्दा त्यांनीं उचलून माझ्यावर उलटविला.

मग मीं त्यांना २०२५ ची गोष्ट ऐकविली. आदित्य सरवटे हा विदर्भाचा डावखुरा फिरकी गोलंदाज. २०१८ च्या विजयांत त्याच्या ७९ धांवा होत्या, आणि २०१९ च्या अंतिम सामन्यांत त्यानें एकट्यानें ११ गडी बाद केले होते. तो पुढें केरळकडे गेला. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर जामठ्यालाच अंतिम सामना झाला, तो विदर्भ आणि केरळ यांच्यामध्यें. आणि सरवट्यानें केरळकडून पुन्हां बरोबर ७९ धांवा केल्या. एवढा मोहरा दुसऱ्याच्या पटावर गेल्यावर विदर्भाचें काय व्हावें? त्याच हंगामांत हर्ष दुबे या दुसऱ्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें ६९ गडी बाद करून रणजीच्या एका हंगामाचा नवा उच्चांक केला. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावांतील ३७ धांवांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. तो स्वीकारला कर्णधार वाडकरनें, इंदूरला पहिलें शतक करणाऱ्या त्याच मुलानें.

बंधु यावर कांहीं बोलले नाहींत. बोलला तो मुलगा. त्याच्या कॉलेजच्या कर्णधाराला डावखुऱ्या जलद गोलंदाजाचा चेंडू आंत येतांना दिसत नाहीं. म्हणून हा रोज पहांटे त्याला चाळीस-पन्नास चेंडू टाकतो. चौथ्या सामन्यांत पलीकडे एक डावखुरा होता, आणि कर्णधारानें साठ धांवा केल्या.

"मग त्या साठांत याच्या किती?" आईनें विचारलें.

हा प्रश्नहि तसाच राहिला आहे. तूर्त सहामाही परीक्षेपर्यंत मुलानें सरावाला जावें, निकाल पाहून पुढचें ठरवूं, असें बंधूंनीं कबूल केलें आहे. पांचवा सामना येत्या रविवारीं आहे. यादी शनिवारीं सायंकाळीं लागते.