बाद टपाली मताचा मालक कोण?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बेलापूरचा निकाल ३७७ मतांनी लागला. इतक्या अटीतटीच्या मतदारसंघात टपाली मतांबद्दल दोन आक्षेप हमखास ऐकू येतात: ती मूठभर असतात, त्यांनी काय होते, आणि मोजणीच्या टेबलावर ती हवी तशी बाद केली जातात.

पहिल्या आक्षेपाला त्याच वर्षीच्या मुंबई वायव्य लोकसभेच्या निकालाने उत्तर दिले आहे. मतदानयंत्रांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते त्यांना १,५०१ आणि रवींद्र वायकरांना १,५५० मिळाली. वायकर ४८ मतांनी जिंकले. बाद टपाली मते होती १११. ती फरकापेक्षा जास्त असल्याने निकालाआधी त्यांची फेरतपासणी झाली.

दुसरा आक्षेप घेणाऱ्यांनी पाकीट कसे उघडतात ते नीट पाहावे. मोजणीच्या दिवशी सकाळी आठपर्यंत आलेलेच पाकीट धरतात. बाहेरच्या पाकिटातून आधी १३-अ हे घोषणापत्र निघते. त्यावर मतदाराची सही नाही, साक्षांकन नाही किंवा मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नाही, तर आतले पाकीट उघडतच नाहीत. म्हणजे बाद करणाऱ्याला मत कोणाला आहे हेच ठाऊक नसते! शिवाय उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसलेले असतात. मतपत्रिका उघडल्यानंतरही मत बाद होऊ शकते, पण त्याची कारणे नियमांत लिहिलेली आहेत: मत नोंदवलेलेच नसणे, दोघांना मत, मतदार ओळखू येईल अशी खूण.

मग सहीची अटच काढावी का? मुळीच नाही. केंद्रावर मतदार स्वतः उभा असतो. इथे त्याच्या जागी ती सही उभी असते.

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती गंभीर आहे. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजी घरी आलेल्या पथकासमोर मत देतात, निवडणूक कामावरच्या शिक्षिका सुविधा केंद्रात देतात, सीमेवरचा जवान टपालाने पाठवतो. यांपैकी कोणाचे मत एका राहिलेल्या सहीपायी बाद झाले, तर त्यांना ते कधीच कळवले जात नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सहीतली चूक मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देतात. आपल्याकडे पाकिटे मोजणीच्याच दिवशी उघडत असल्याने ते तसेच्या तसे जमणार नाही. पण पाकीट चिकटवण्याआधी सही, क्रमांक आणि साक्षांकन मतदारासमोर मोठ्याने वाचून पडताळायला कोणती अडचण आहे? मताच्या गुप्ततेला त्याने धक्काही लागत नाही. जवानांसाठी हे काम त्यांच्या तुकडीतच व्हायला हवे. आणि प्रत्येक मतदारसंघाच्या निकालासोबत बाद टपाली मतांचा कारणवार आकडा लावावा, बेलापूरपासून सुरुवात करून.