स्वमग्न मुलांची बाग आणि बाजार

स्वमग्न मुलांना मातीत हात घालू द्यावेत, वाफे करण्यास, रोपे लावण्यास, झारीने पाणी घालण्यास शिकवावे, या कल्पनेला विरोध करण्याचे कोणाही समाजवाद्याला कारण नाही. विरोध आहे तो तिच्या व्यापाराला. ‘उपचार’ हे नाव लागताच खुरपे आणि माती यांचाही तासावर दर ठरतो, आणि ज्यांना तो परवडतो त्यांचीच मुले माळीकाम शिकतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. स्वमग्नता हा बरा करावयाचा आजार नव्हे. ती जन्मजात भिन्नता आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर दोन-तीन दशके मुलाच्या अवस्थेचे खापर आईच्या थंडपणावर फोडले गेले. तो सिद्धान्त केव्हाच निकालात निघाला. पण आईच्या मनात पेरलेली अपराधाची भावना मात्र शिल्लक राहिली, आणि आजचा बाजार नेमका तिच्यावर पोसला जातो. बागकामाने मूल ‘बरे’ होते असे सुचविणारी जाहिरात ही फसवणूकच होय. कारण या विषयावरचे अभ्यास बहुधा लहान गटांवर झालेले आहेत.

मग बागेत मिळते काय? ठराविक क्रमाने, रोज त्याच वेळी करावयाचे काम. बोलण्याची सक्ती नाही, घाई नाही, आणि केलेल्या कामाचे डोळ्यांना दिसणारे फळ. एखाद्या मुलाला ओल्या मातीचा स्पर्श असह्य होतो. त्याच्या हाती झारी द्यावी, त्याचे हात चिखलात कोंबू नयेत. एवढे समजण्यास भारी फी लागत नाही. जागा लागते, आणि ओळखीचा माणूस लागतो.

जागेची स्थिती काय आहे? मुंबईच्या गेल्या विकास आराखड्याच्या वेळी माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरली. केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे दहा ते बारा चौरस मीटर सांगतात. जी उद्याने उरली आहेत, तेथे ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी स्वागताला असते. खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या नातवाला वाफा मिळणार कोठून?

माणसाची कथा याहून वाईट. स्वमग्न मुलाला तोच चेहरा, तोच आवाज, तेच अवजार दर आठवड्याला हवे असते. उद्यानांची देखभाल महापालिका कंत्राटदारांकडे देत सुटल्या, आणि वर्षानुवर्षे एकाच बागेत राबणारा कायम माळी दुर्मिळ होऊ लागला. कंत्राट बदलले की चेहरे बदलतात. माळ्याच्या नोकरीची शाश्वती आणि मुलाच्या मनाची शाश्वती ही येथे एकच मागणी आहे. कामगार आघाडी आणि पालक संघटना यांनी ती वेगवेगळी मांडणे हा निव्वळ करंटेपणा ठरेल.

एक धोका मात्र नजरेआड करून चालणार नाही. उपचाराच्या नावाखाली फुकट राबवून घेण्याची परंपरा जुनी आहे. पाश्चात्त्य मनोरुग्णालयांची शेते रुग्णांच्याच श्रमावर चालत. १९७३ साली अमेरिकेतील एका न्यायालयाला सांगावे लागले की अशा कामालाही किमान वेतनाचा कायदा लागू आहे. बालकाचे बागकाम हे शिक्षण आहे. वयात आलेला तोच मुलगा रोपवाटिकेत विक्रीची रोपे तयार करू लागला की ती मजुरी आहे, आणि तिचे दाम त्याला मिळालेच पाहिजेत.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, आणि २०१६ च्या कायद्याने करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा दिव्यांगांचा हक्क राखण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकली. म्हणजे महापालिकेचे उद्यान हे या मुलांवरचे उपकार नव्हेत. प्रत्येक प्रभागातील एका उद्यानात राखीव वाफे, गर्दी नसलेली ठरलेली वेळ, कायम नेमणुकीचा प्रशिक्षित माळी आणि आठवड्यातून दोनदा येणारा विशेष शिक्षक, एवढीच मागणी आहे. महापालिकांची अंदाजपत्रके फेब्रुवारीच्या सुमारास मांडली जातात. प्रभागातील पालकांच्या सह्यांची निवेदने त्यापूर्वी, डिसेंबरअखेर, आयुक्तांच्या कार्यालयात पोचली पाहिजेत.