ट्रंकेतला त्रिकोण

दिवाळीच्या साफसफाईत पुरुषांनी हात घालू नये, असे आमच्या घरातील बायकांचे फार जुने मत आहे. माझा त्या मताला विरोध होता. 'होता' असे मुद्दाम म्हणतो. कारण यंदा तो मी मागे घेतला आहे.

गोष्ट गेल्या दिवाळीची. आईच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. ती तिच्या लग्नात माहेराहून आली. लहानपणी आम्हांला तिला हात लावायची बंदी असे, आणि त्यामुळे तिच्यात दागिने असावेत अशी माझी व ताईची पक्की खात्री होती. प्रत्यक्षात तिच्यात असतो कागद. स्त्रियांच्या मासिकांचे जुने अंक, त्यांतून कापलेली विणकामाची पाने, वहीच्या कागदावर उतरवून घेतलेल्या विणी, बटरपेपरवरचे भरतकामाचे नमुने, आणि वर्तमानपत्र कापून केलेले झबल्याचे, कुंचीचे आणि टोपऱ्याचे आकार. 'स्त्री' मासिक निघाले ते 1930 साली. म्हणजे सुईदोऱ्याच्या सोबत छापील मासिक वाचणाऱ्या बायकांच्या तीन-चार पिढ्या तरी आपल्याकडे झाल्या. त्या प्रत्येकीच्या घरी अशी एखादी ट्रंक, डबा, निदान उशीचा एक अभ्रा तरी असणारच. वाचकांपैकी किती जणांनी तो उघडून पाहिला आहे?

मी उघडला. आई चार दिवस ताईकडे नाशिकला गेली होती. परत आल्यावर तिला आश्चर्याचा धक्का द्यावा, असा माझा बेत. धक्का बसला, यात शंका नाही.

ट्रंकेची अवस्था मात्र खरोखर वाईट होती, हे माझ्या बाजूने सांगितले पाहिजे. टाचण्या गंजून कागदाला तांबडी भोके पडली होती. रबरी बांगड्या विरघळून डिंकासारख्या पानांना चिकटल्या होत्या. चिकटपट्ट्या गळून गेल्या होत्या आणि जागोजाग पिवळे, तेलकट पट्टे तेवढे उरले होते. एका गठ्ठ्याला कसर लागली होती; तो चंदेरी किडा खळ आणि कागद दोन्ही आवडीने खातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत 'सुरक्षित' ठेवलेल्या अंकांना तर सगळ्यांहून जास्त कुबट वास येत होता. पिशवी बाहेरची ओल आत येऊ देत नाही तशीच आतली बाहेरही जाऊ देत नाही, हे तिथे कळले. सर्वांत चांगले राहिले होते ते जुन्या धुवट धोतराच्या फडक्यात बांधलेले आणि वेखंडाचे तुकडे घातलेले एक गाठोडे. पण मी शिकलेला माणूस. गाठोड्यापासून धडा कुठला घेणार?

मी कॉलेजातल्या ग्रंथपालांना गाठले. त्यांनी डोळे न उचलताच सांगितले, "सातशे सेहेचाळीस पूर्णांक शेहेचाळीस." मेल्व्हिल ड्युईच्या 1876 सालच्या दशांश पद्धतीत विणकाम-भरतकामाला 746 हा आकडा आहे आणि ठिगळकामाला, म्हणजे आपल्या गोधडीला, 746.46. आईच्या गोधडीला जगात एक क्रमांक आहे, या कल्पनेनेच मी हरखून गेलो. वीस फायली आणल्या. विणकाम, क्रोशे, भरतकाम, शिवण, गोधडी असे विभाग पाडले. क्रोशेमध्ये साखळी, खांब आणि मुका खांब यांचे उपविभागही करणार होतो. पण एकाच रुमालात तिन्ही सापडू लागल्यावर तो नाद सोडला.

कात्रणे लावताना वेळही फार गेला, कारण मी त्यांच्या पाठी वाचत बसलो. सहा महिन्यांच्या बाळाच्या स्वेटरच्या मागे एका कथेचे अर्धे पान होते. नायिका पत्र लिहून घराबाहेर पडते, आणि पुढे कात्री. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला ती कथा ओळखता आली नाही आणि तिचे पुढे काय झाले तेही कळले नाही. स्वेटर मात्र पूर्ण होता.

चौथ्या दिवशी उरला तो निव्वळ कचरा. काही न लिहिलेले वर्तमानपत्राचे आकार, आणि साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन मळके त्रिकोण. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन उजेडाने पिवळे पडते आणि त्याचा आम्लांश शेजारच्या चांगल्या कागदालाही लागतो, हे मी नुकतेच वाचले होते. तेव्हा शास्त्राचा आधारही मिळाला. रद्दीवाल्याने सगळे मिळून बावन्न रुपये दिले.

आई आली. फायली पाहिल्या. "छान केलंस हो," म्हणाली. तिचे 'छान केलंस हो' आणि 'छान केलंस' यांत फरक आहे, तो मला कळायला हवा होता. नंतर बटरपेपरचा एक नमुना तिने फायलीच्या प्लॅस्टिकमधून उलटसुलट करून पाहिला. त्या नमुन्याच्या रेषांवरून सुईने भोके पाडलेली असतात; कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवायची, की नक्षी खाली उतरते. मी तो चारी बाजूंनी उष्णतेने बंद करून आणला होता. "आता बोळा कुठून फिरवू रे?" एवढेच तिने विचारले.

वर्षभर ट्रंकेचा विषय निघाला नाही. या श्रावणात ताईच्या मुलीकडची गोड बातमी आली आणि आईने बाळंतविड्याला हात घातला. दुसऱ्याच दिवशी ती फायलींसमोर मांडी घालून बसली होती.

"काय शोधतेस?"

"कुंची."

"शिवण विभाग, तिसरी फाईल," मी अभिमानाने म्हणालो.

"त्यात नाही. ती सुमामावशीच्या पाकिटात असते. आणि आजीचा त्रिकोण कुठाय?"

तेव्हा मला एकदम उलगडा झाला. ट्रंकेतल्या पाकिटांवर नावे होती खरी, पण ती मी पत्ते समजून फेकून दिली होती. आईची मांडणी वस्तूंवर नव्हतीच, माणसांवर होती. सुमामावशीच्या बाळंतपणाच्या वेळी जे जे शिवले-विणले, ते सगळे सुमामावशीच्या पाकिटात. कुंची हवी की आधी मावशी आठवायची, मग कुंची आपोआप हाती येते. आपल्या रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला चौथा असा, की वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. माझ्या वीस सुंदर फायलींनी एका वाचकाची सगळी सकाळ घेतली होती.

आणि त्रिकोण? तो गेलाच होता. मी सांगून टाकले. आई रागावली असती तर बरे झाले असते. ती चष्मा पुसत राहिली. तिच्या आजीने तो आकार बेतला होता; पुठ्ठे झिजले की त्यावरूनच नवा कापायचा, असा तो चालत आला होता. घरातल्या प्रत्येक बाळाच्या गोधडीचे ठिगळ त्यावरचे. लिहिलेले काही नव्हते म्हणून मी तो टाकला. आयुष्यभर अक्षरांवर पोट भरले की असे होते.

भरपाई म्हणून मी ताईची बाळपणीची गोधडी काढली. दोन त्रिकोणांचा मिळून एक चौकोन, आठ चौकोनांची एक ओळ. आईने सांगितले की धुवून आता आटली आहे, मूळचा चौकोन तीन इंचांचा. सोपे आहे, मी म्हणालो. शिवणीत जाणारी माया प्रत्येक बाजूला पाव इंच. म्हणजे दोन्ही मिळून अर्धा. साडेतीन इंचांचा काटकोन त्रिकोण कापून दिला. आईने चार ठिगळे जोडून फूटपट्टी लावली. प्रत्येक चौकोन तीन सूत लहान!

"तिरप्या बाजूला माया कोण सोडणार?" ती म्हणाली. "तिथेही शिवण येते की नाही? सात सूत वाढवायचे, चार नव्हे."

मी कागदावर भूमिती मांडून पाहिली. पाव इंचाची माया तिन्ही बाजूंना सोडली की काटकोनाची बाजू पाऊण इंचाहून थोडी अधिक वाढते. जवळजवळ सात सूत. आठ चौकोनांत माझी चूक चोवीस सुतांची झाली असती, म्हणजे पुऱ्या तीन इंचांची. बाळाचे पाय उघडे पडले असते. हे गणित आईच्या आजीला कोणी शिकवले, आणि त्या पुठ्ठ्यात ते किती वर्षे बिनबोभाट पडून होते! रद्दीवाल्याला मी ते किलोच्या भावाने दिले.

आता ट्रंक पुन्हा पलंगाखाली आहे. टाचण्या व रबरे काढली, एवढी माझी सुधारणा आईने मान्य केली. अंक आडवे ठेवतो, उभे नाही. उभे ठेवले की मधून वाकतात. रॉकेल लागलेले बटरपेपर वेगळ्या सुरळीत, मध्ये कोरा कागद घालून. नाहीतर त्यांचा तेलकटपणा शेजाऱ्यांना लागतो. धोतराच्या जुन्या फडक्यांना बढती मिळाली आहे आणि वेखंड नवे आणले आहे. गोधड्या सहा महिन्यांनी उलगडून निराळ्या घडीवर घालतो, म्हणजे एकाच जागी कापड चिरत नाही. बायकोने सगळ्या आकारांचे फोनवर फोटो काढायला घेतले, तेव्हा आईनेच सांगितले, "अगं, शेजारी फूटपट्टी ठेव. नुसत्या फोटोवरून माप कसं कळणार?" माझ्या डोक्यात ते आले नव्हते.

पाकिटांवरची नावे आईला विचारून पुन्हा लिहिली. बहुतेक आठवली, दोन आठवली नाहीत, आणि त्या दोन पाकिटांत काय होते तेही तिला सांगता येईना. ती तशीच कोरी ठेवली आहेत.

नवा त्रिकोण तिने स्वतः कापला, मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून. मग माझ्यापुढे पेन ठेवले. "लिही यावर काय ते, म्हणजे पुढच्या वेळी टाकणार नाहीस."

मी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'त्रिकोण. बाजू तीन इंच सात सूत. माया धरून.'

तिने चष्मा वर करून वाचले. "आणि कुणाचा, ते?"

मी खाली आजीचे नाव घातले.