ऑली जमत नाही? आधी उतरायला शिका

स्केटबोर्ड शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिली ओढ असते ती ‘ऑली’ची. म्हणजे हात न लावता बोर्डासकट उडी मारायची आणि चारही चाकांवर उतरायचं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रथमच आला आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशियाने वयाच्या १३ व्या वर्षी सुवर्णपदक जिंकलं. त्यामुळे ‘हाडं मोडशील, बंद कर’ असं मुलांना सांगणं मला पटत नाही. पण सगळा सराव उडी उंच जावी म्हणून करणंही चूकच. दुखापत हवेत होत नाही, जमिनीवर होते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी उतरणं शिका, मग उंची.

उतरताना गुडघे ताठ असतील तर सगळा धक्का घोटा, गुडघा आणि कंबरेच्या सांध्यांवर येतो. गुडघे आणि खुबे वाकवले की तोच धक्का मांडीचे आणि नितंबांचे मोठे स्नायू हळूहळू झेलतात. दोन्ही पावलं चाकांच्या वरच्या बोल्टांवर यायला हवीत. वजन शेपटीकडे गेलं तर बोर्ड पुढे सटकतो आणि तुम्ही मागे पडता. खांदे बोर्डाच्या रेषेत ठेवा. आणि घाबरून एकच पाय खाली टेकवू नका. घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा असाच.

सुरुवात हिरवळीवर, बोर्ड स्थिर ठेवून करा. तिथे जमलं की सपाट जागेवर, अगदी हळू वेगात.

पडणं तर अटळ आहे. पडताना हात ताठ करून तळवा टेकवण्याची आपली सहज प्रवृत्ती असते. त्यातूनच मनगटाची हाडं मोडतात. कोपर वाकवून खांद्यावरून लोळत जायचा सराव गादीवर करा. हेल्मेटचा पट्टा नीट आवळा आणि मनगटाचे गार्ड वापरा.

पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून नुसता मलम चोळत बसू नका. तिथल्या स्कॅफॉइड हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतच नाही. या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असल्याने दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही. दुखणं राहिलं तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्या. चार पावलंही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी दाखवा. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असेल तर थेट रुग्णालयात जा.

आणखी एक गोष्ट. पाय थकले की गुडघे वाकेनासे होतात. ‘शेवटची एकच उडी’ म्हणाल, तेव्हाच बोर्ड उचला आणि घरी जा. ऑली उद्याही करता येईल.